लिंबूताईंचं झाकण

झाकण होतं आणि डबा नव्हता.

फोरमनांच्या घरात असं आजवर घडलं नव्हतं. ज्या माणसाचा उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला, एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तर जो चालतं मशीन थांबवायचा, त्याच्या घरात बिनडब्याचं झाकण निघावं म्हणजे काय! छापखाना सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे फोरमनच म्हणत. तेही घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासत आणि स्वतःला मनातल्या मनात फोरमनच म्हणत.

बायको जाऊन दोन महिने होऊन गेले होते. दारामागच्या खुंटीला तिची कापडी पिशवी अजून तशीच लटकत होती. येता-जाता ती खांद्याला लागायची आणि फोरमन ती सवयीनं बाजूला सारायचे. बायकोलाही ते अरुंद बोळातून असंच सारायचे, "सरक गं जरा" म्हणून. त्या दिवशी पिशवी सारली आणि आत काहीतरी टणकन वाजलं. हात घातला तर एक धुतलेला रुमाल आणि एक पत्र्याचं गोल झाकण. हिरवंगार, तळहाताएवढं. वर टेकडीचं चित्र, टेकडीवर दगडी कुंपण आणि कुंपणाशी चरणारी चार-दोन मेंढरं.

मग फोरमनांनी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. मिठाच्या बरणीपासून बटणांच्या डब्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर ते झाकण बसवून पाहिलं. कुठे सैल, कुठे घट्ट. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला.

"बाबा, हा आवाज कसला?"

"डबा शोधतोय."

"कसला डबा?"

"तेच तर कळत नाहीये. झाकण आहे."

"बाबा, जेवलात का तुम्ही?" लेक म्हणाली. हल्ली ती प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न विचारायची. "आणि आईचं काही टाकू नका हं. तुम्ही कामाचं टाकता आणि रद्दी जपून ठेवता."

फोन ठेवून फोरमनांनी झाकण नाकाशी नेलं. आतून वास येत होता. संत्र्याची साल उन्हात वाळवल्यासारखा, आणि त्याच्या मागे चहाचा. फोरमन चमकले. त्यांच्या घरात चहा येत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी सांगून टाकलं होतं, की चहाच्या वासानं माझं डोकं उठतं. मी कॉफीचा माणूस. तेव्हापासून घर कॉफीचं झालं होतं. बायकोला काय आवडतं हा प्रश्न कधी निघालाच नाही. ती काही बोलली नाही, आणि न बोलण्याला फोरमन होकार समजत.

खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंचं दुकान. बायको दर बुधवारी दुपारी तिथेच जायची. निदान फोरमन तसं समजत होते. "खाली जाऊन येते, थर्मासात कॉफी ठेवलीय," हे तिचं बुधवारचं ठरलेलं वाक्य. फोरमन प्रुफांवरून मान वर न करता हात हलवायचे. झाकण घेऊन ते खाली उतरले.

"बाई, हे तुमच्याकडचं का बघा. हिच्या पिशवीत निघालं. बुधवारी ती तुमच्याकडेच असायची ना."

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "माझ्याकडे?"

"हो. काजं करायला. तुमचे डोळे दुखतात म्हणून."

"माझे डोळे ठणठणीत आहेत, काका. आणि बुधवारी माझं दुकान बंद असतं. पहिल्यापासून. बाहेर पाटी लावलीय की हो एवढी मोठी!"

फोरमनांनी मागे वळून पाहिलं. पाटी होती. तिच्यातला दीर्घ ऊकार चुकलेला आहे हेसुद्धा त्यांना आठवलं. चूक तेवढी दिसली होती, मजकूर वाचला नव्हता.

"मग ती कुठे जायची?"

"काकू पिशवी घेऊन जिना उतरायच्या, एवढं मी वर राहते म्हणून पाहिलंय. केस नीट विंचरून, चांगली चप्पल घालून. पुढचं मी कशाला विचारू? बाईमाणूस घटकाभर घराबाहेर पडतं, त्याचा कुणी पंचनामा करतं का?"

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत?" शिंपीणबाई म्हणाल्या, आणि फार बोललो असं वाटून त्यांनी झाकण हातात घेतलं, हुंगलं. "अगं बाई! हा तर विलायतिणीच्या दुकानातला वास. घड्याळाच्या चौकातून उजवीकडे, चष्मेवाल्याला लागून. तिचे पडदे मी शिवलेत. धुऊन दुरुस्तीला आणले तरी हाच वास मारत होते."

"कोण विलायतीण?"

"अहो, विलायती गोळ्या नि चहा विकते म्हणून विलायतीण. स्वतः बिचारी गावाची वेस ओलांडून गेलेली नाही."

फोरमन वर आले. मेजावर प्रुफं पडली होती, पण अक्षरं नजरेत ठरेनात. माणूस गेलं की त्याचं जाणं सोसावं लागतं, ते ते सोसत होते, खाली मान घालून, आजवर सगळं केलं तसं. पण ती जिवंत होती, ह्याच छपराखाली होती, आणि दर आठवड्याला केस विंचरून कुठेतरी जात होती. आपण भिंतीपलीकडे कॉफी पीत बसलो आणि आपल्याला पत्ता नाही! ती कुठे जायची, कुणाकडे, आणि खोटं बोलून का? हे कळल्याशिवाय आता त्यांच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

देव काही माणसाकडे फार मोठं मागत नाही. कधीकधी तो एवढंच मागतो, की समोरच्याला "काय गं, कुठे निघालीस?" म्हणून विचारावं. पण तेवढंही आपल्याकडून व्हायचं राहून जातं, आणि मग तो प्रश्न घेऊन आपल्यालाच दारोदार फिरावं लागतं.

बुधवार उजाडला. फोरमनांनी इस्त्रीचा सदरा घातला, झाकण रुमालात गुंडाळलं आणि चारच्या सुमारास ते घड्याळाच्या चौकात पोचले.

दुकान लहानच होतं. दार ढकललं की वर एक घंटी किणकिणायची. आत दोन्ही भिंतींना काचेच्या बरण्या. पट्ट्यापट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या, सोनेरी कागदातल्या टॉफ्या, काळ्या ज्येष्ठमधाच्या दोऱ्या आणि साखर भुरभुरलेल्या पिवळ्याधमक लिंबाच्या गोळ्या. मधल्या कपाटात बिस्किटांचे डबे, त्यांच्यावर टोप्या घातलेले शिपाई आणि घोडागाड्या. संत्र्याच्या मुरंब्याच्या बाटल्या उन्हात दिव्यासारख्या दिसत होत्या. आणि वास तोच, झाकणातला.

पण फोरमनांची नजर खिळली ती गल्ल्यामागच्या फळीवर. तिथे पत्र्याचे डबे ओळीनं मांडले होते, लाल, निळे, चित्रांचे. आणि एकावरही झाकण नव्हतं. प्रत्येकावर चिनीमातीची एकेक बशी पालथी घातलेली.

गल्ल्यावरची बाई गिऱ्हाइकाला टॉफ्या तोलून देत होती. साठीची, गोल चेहऱ्याची, चष्मा केसांवर चढवलेला. हीच विलायतीण. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "बोला काका. चहा की गोड?"

"त्या डब्यांना झाकणं का नाहीत?" फोरमनांच्या तोंडून एकदम निघालं.

"सगळे नवे लोक हेच विचारतात!" ती हसली. "अहो, ते बुधवारवाल्यांचे डबे. आत बघा." दुकानाच्या मागच्या अंगाला, पडद्याआड, एक गोल टेबल दिसत होतं. एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ तिथे बसले होते, आणि एक खुर्ची रिकामी होती. "ज्याचा त्याचा चहा वेगळा. आधी डब्यांची अदलाबदल व्हायची नि त्यावरून अशी भांडणं जुंपायची, की विचारू नका. मग माझ्या सासऱ्यांनी ही युक्ती काढली. डबा दुकानात, झाकण घरी. बुधवारी ज्यानं त्यानं आपलं झाकण आणायचं, ज्या डब्यावर ते बसेल तो त्याचा. ना नाव, ना नंबर. आणि झाकण पिशवीत असलं की माणसाला यायची आठवणही राहते."

"मलाही बसता येईल का तिथे?"

"ते टेबल सगळ्यांसाठी नाही, काका, राग मानू नका. ज्याला घरी चहाला सोबत नाही, त्याच्यासाठी ते आहे. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी सुरू केलं. जोडीची माणसं येतात कधी हौसेनं, नाही असं नाही. त्यांना मी हात जोडते नि इथे गल्ल्यावरच कप देते. एकट्या माणसासमोर दुकटेपण मिरवायचं नाही, एवढाच आमचा नियम. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते: घरी चहाला सोबत कोण? कोणी नाही म्हणालं, की खुर्ची त्याची."

फोरमनांचा हात खिशात होता. रुमालातलं झाकण बोटांना गार लागत होतं. ते तसंच घेऊन परत फिरावं असं त्यांना एकदा वाटलं. पण त्यांनी रुमाल सोडून झाकण गल्ल्यावर ठेवलं.

विलायतिणीनं डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. तिचा चेहरा उजळला. "लिंबूताई! अहो सिस्टर, लिंबूताईंचं झाकण आलं!" आणि मग ती फोरमनांच्या मागे दाराकडे पाहू लागली. "त्या कुठे आहेत?"

लिंबूताई. फोरमन तिला आयुष्यभर "अगं" म्हणत आले होते. पाहुण्यांसमोर "ही". तिला कुणी लिंबूताई म्हणत असेल हे त्यांच्या कानांना पटेना.

आतली बाई तोवर पडदा सारून बाहेर आली होती. उंच, ताठ कण्याची, दवाखान्यात परिचारिका म्हणून जन्म काढलेली. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिनं फोरमनांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि ओळखलं. असले चेहरे तिनं पुष्कळ पाहिले होते.

"कधी?" तिनं विचारलं.

"दोन महिने झाले," फोरमन म्हणाले.

विलायतीण मटकन स्टुलावर बसली. सिस्टर म्हणाली, "मी म्हटलंच होतं तुला. म्हटलं, एकटं माणूस आहे, काही झालं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. ना पत्ता, ना फोन." तिनं फोरमनांकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

नवरा. एवढाच एक शब्द. फोरमनांनी आजवर लाखो शब्द तपासले, पण हा एक त्यांना उच्चारता येईना. हा शब्द उच्चारला, की ह्या दोघींच्या डोळ्यांसमोर ती खोटी पडणार होती. घरी नवरा असून एकट्यांच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेली बाई. जाब द्यायला ती आता नव्हती.

"शेजारी," फोरमन म्हणाले.

"या," सिस्टर म्हणाली. "आत या."

टेबलाशी बसलेले गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना कमी ऐकू यायचं. सिस्टरनं त्यांच्या कानाशी वाकून दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवत देवाचं काहीतरी पुटपुटले आणि मग मोठ्यानं म्हणाले, "मी त्यांना म्हटलं होतं, सर्दी अंगावर काढू नका!"

"सर्दी नव्हती हो!" सिस्टर ओरडली. मग हळूच फोरमनांना म्हणाली, "त्यांच्या लेखी सगळं सर्दीनंच होतं. बसा ना. तिथेच बसा. ती त्यांचीच खुर्ची."

फोरमन टेकले. खुर्चीवर एक पातळ उशी होती. तिच्यावरची हातशिलाई त्यांनी ओळखली. घरातल्या उश्यांना तसलीच होती.

"शेवटी जवळ कोण होतं?" सिस्टरनं विचारलं.

"मी होतो. पहाटे छातीत कळ आली म्हणाली… म्हणाल्या. दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होत्या."

"तुम्ही नेलंत?"

"हो."

"आणि रात्रभर तिथे बसलात?"

"हो."

"ऐकलंस का गं?" सिस्टर विलायतिणीला म्हणाली. "कोण करतं आजकाल शेजाऱ्याचं एवढं! मी दवाखान्यात सख्खे नवरे पाहिलेत, कँटीनमध्ये जाऊन झोपणारे. देवमाणूस आहात हो तुम्ही."

"देवमाणूस!" पोस्टमास्तरांनी तेवढंच बरोब्बर ऐकलं आणि हात जोडले.

फोरमनांना कुणी कानशिलात दिली असती तर सोपं गेलं असतं.

विलायतीण गल्ल्यामागच्या फळीवरून तो डबा घेऊन आली. हिरवी टेकडी, दगडी कुंपण. वरची बशी काढून तिनं झाकण ठेवलं आणि ते अलगद, आवाज न करता बसलं. मग पुन्हा उघडून तिनं आत नाक घातलं. "वास थोडा उतरलाय. पण आज ह्यातलाच करते, सगळ्यांना. चालेल ना, शेजारीबुवा?"

किटली आली. चहा काळसर-लाल, दूध नाही, साखर नाही. फोरमनांपुढे कप ठेवून विलायतिणीनं शेजारी एका चिमुकल्या बशीत एक पिवळी गोळी ठेवली. "ही गालात धरायची नि वरून चहा. त्या असंच प्यायच्या. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर लिंबूताई."

फोरमनांनी गोळी तोंडात टाकली. ती दातावर कट्कन आपटली आणि त्या आवाजासरशी त्यांना एक दुपार लख्ख आठवली. तो समोर प्रुफं घेऊन बसलेला माणूस, म्हणजे ते स्वतः. आणि दाराशी ती, गालात गोळी, काहीतरी सांगायला आलेली. "ती कटकट बंद कर आधी. लहान आहेस का?" तिनं गोळी हातावर काढून घेतली होती आणि आत गेली होती. काय सांगायला आली होती, देव जाणे. त्यानंतर घरात तो आवाज कधी झाला नाही.

"आंबट आहे ना?" सिस्टर म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. पहिल्यांदा सगळ्यांना येतं."

"त्यांना… त्यांनाही तुम्ही विचारलं होतंत का? पहिल्या दिवशी?" फोरमनांनी विलायतिणीला विचारलं.

"विचारलं की. घरी चहाला सोबत कोण? म्हणाल्या, कोणी नाही. इतक्या सहज म्हणाल्या! काही लोक ते सांगताना रडतात, काही उगाच हसतात. त्यांनी भाव सांगावा तसं सांगितलं."

घरी चहाला सोबत कोण? कोणी नाही. फोरमनांनी ते वाक्य मनात आडवं धरलं, उभं धरलं, आयुष्यभराच्या सवयीनं त्यात चूक शोधली. चूक नव्हती. ती ह्यांच्याशी खोटं बोललीच नव्हती. आता आपण खरं सांगायचं म्हटलं, तर तेवढंच सांगावं लागेल: मी घरात होतो, आणि तिला कोणी नव्हतं.

"पण रडवलं नाही हो त्यांनी आम्हाला कधी," सिस्टर सांगू लागली. "हसवून मुरकुंडी वळवायच्या. आणि गोष्ट! तुम्हाला तर माहीतच असेल, शेजारी म्हणजे कानावर पडलंच असणार."

"काय?"

"अहो, गायच्या त्या! बोलता बोलता गोष्ट गाण्यावर जायची. गोष्टीतली माणसं भांडायला लागली की चाल चढायची, रडायला लागली की खाली उतरायची. टेबलावर बोटांनी ताल. लहानपणी त्यांचे वडील अंगणात बसून असंच गाऊन काहीबाही सांगायचे म्हणे, पुराणातलं, मनातलं, आणि शेवटी सगळं नेऊन देवापाशी सोडायचे. पोस्टमास्तरांना आमचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्यांचं ऐकू यायचं."

"सगळं नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "पण ताल कळायचा."

फोरमनांना तिचा गाता आवाज आठवेना. त्यांनी फार प्रयत्न केला. भांड्यांचे आवाज आठवले, थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आठवला, "सरकते" म्हणणारा आवाज आठवला. गाता आवाज त्यांच्यापाशी नव्हताच. तो ह्या दोन-तीन परक्या माणसांपाशी होता.

"आणि बघा ना," विलायतीण म्हणाली, "शेवटची गोष्ट अर्धीच राहिली. पुढच्या खेपेला सांगते म्हणाल्या नि आल्याच नाहीत. शेजारीबुवा, तुम्हाला सांगितली होती का हो त्यांनी? नदीवाल्या बाईची?"

तिघेही त्यांच्याकडे पाहू लागले. इतक्या आशेनं, की फोरमनांना काहीतरी बनवून सांगावंसं वाटलं. पण दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात जन्म गेलेला; स्वतःचं असं एक वाक्य त्यांनी कधी रचलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मला नाही माहीत. तुम्ही सांगा. जेवढी झाली तेवढी सांगा."

मग सिस्टरनं सांगायला घेतलं. एक बाई असते. रोज नदीवर पाण्याला जाते, घागर घेऊन.

"कळशी," विलायतीण म्हणाली.

"घागर होती गं."

"कळशी! कमरेवर घेतली म्हणाल्या होत्या, मला पक्कं आठवतंय."

"बरं बाई, कळशी. तर एक दिवस ती जाते तो नदी जागेवर नाही. नुसती वाळू. लोक म्हणतात, आटली असेल. ही म्हणते, आटली असती तर ओल राहिली असती. ती उठून गेलीय कुठेतरी. आणि ही निघते शोधायला. वाटेत हिला तो कोण भेटतो…"

"धोबी," पोस्टमास्तर म्हणाले. ओठांवरून त्यांना गोष्ट कुठवर आली ते कळत होतं.

"आधी मासा भेटतो. मग धोबी. सगळ्यांना विचारते, माझी नदी पाहिलीत का? इथे त्या जे गायच्या ना! मला नाही जमणार." तरी सिस्टरनं ताठ मान जराशी कलती करून दोन सूर गुणगुणून पाहिले. विलायतिणीनं बोटांनी ताल धरला, तो चुकला, दोघी थांबल्या आणि हसल्या, आणि हसता हसता विलायतिणीनं पदर डोळ्यांना लावला.

फोरमन ऐकत होते. कुणाचं बोलणं मध्ये न तोडता, न दुरुस्त करता, मान वर करून ते ऐकत होते. कप तसाच हातात होता. घागर का कळशी, आधी मासा का धोबी, ह्या वादावादीच्या फटीतून त्यांना ती दिसत होती, बोटांनी टेबल वाजवणारी, गालात गोळी, ऐकणाऱ्यांच्या मधोमध. त्यांनी न पाहिलेली. तिच्याबद्दल बोलणारं जगात हे एकच टेबल होतं, आणि इथे बसायचं तर तिचा नवरा म्हणून बसता येणार नव्हतं.

"चालता चालता रात्र होते," सिस्टर म्हणाली. "हिला दुरून पाण्याचा आवाज येतो. बघते तो एक घर. दार बंद. आवाज आतून येतोय. नदी त्या घरात शिरलीय आणि घरवाल्याला त्याचा पत्ताच नाही, तो आपला दिवा लावून कसलंसं काम करत बसलाय. ही दारावर थाप मारते. आणि इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, आज एवढंच."

दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मी तर रोज रात्री विचार करते," विलायतीण म्हणाली. "त्यानं दार उघडलं असेल का?"

"त्याला उशीर झाला असेल," फोरमन म्हणाले. आपण बोललो हे त्यांना नंतर कळलं.

"का हो?"

"कामात होता ना. एवढी ओळ संपवतो नि उठतो, असं म्हणाला असेल. मग पुढची ओळ. त्याला वाटलं, थाप मारणारं कोणी परकं नाही, थांबेल."

"मग?" सिस्टरनं कोपर टेबलावर टेकलं. "उघडलं का शेवटी?"

फोरमनांनी कप खाली ठेवला. गालातली गोळी विरघळून गेली होती, नुसता आंबटपणा राहिला होता.

"उघडलं," ते म्हणाले. "पण तोवर बाहेर कोणी नव्हतं."

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिली. विलायतीण किटली घेऊन उठली, पण ओतायचं विसरून तशीच उभी राहिली.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" पोस्टमास्तरांनी कानामागे हात धरला.

सिस्टर त्यांच्याकडे वळली. मग त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून तिनं सांगितलं, "दार उघडलं, म्हणतायत."

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा फुलला. "मला वाटलंच होतं!" आणि त्यांनी आपला रिकामा कप किटलीखाली धरला.